आधीच्या पाळकांचा पगार

पत्राचा सारांश

अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका छोट्या शहरात युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या पाळक असलेल्या एका भगिनीचं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. वय एकेचाळीस, माहेर अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. ईश्वरविज्ञानाचं शिक्षण आधी पुण्यात, मग अमेरिकेत. दीक्षा तिथेच झाली, ग्रीन कार्डही मिळालं. तीन वर्षांपूर्वी बिशपनी त्यांची नेमणूक बहुतांशी गोऱ्या लोकांच्या एका मंडळीत केली. रविवारी सव्वाशे माणसं उपासनेला येतात.

यंदा अहवालासाठी मागचे आकडे हवे होते म्हणून त्यांनी कॉन्फरन्सचं, म्हणजे चर्चच्या प्रादेशिक संघटनेचं, जुनं इतिवृत्त उघडलं. त्यात त्यांच्या आधीच्या पाळकांचा शेवटच्या वर्षाचा पगार छापलेला होता, ६१,००० डॉलर. ते गोरे गृहस्थ. या मंडळीत आले तेव्हा त्यांचा अनुभव हिच्यापेक्षा कमी होता. हिला पहिल्या वर्षी ४८,५०० मिळाले, दुसऱ्या वर्षी ४९,५००, यंदा ५१,०००. राहायला तेच घर, काम तेच. मंडळीत पगाराची शिफारस करणाऱ्या समितीच्या अध्यक्षांना तिनं सहज विचारलं, तर ते म्हणाले, “त्यांना तीन मुलं होती, बायको घरी असायची. तुमचे मिस्टर सॉफ्टवेअरमध्ये आहेत ना?”

आई नगरहून फोनवर सांगते, देवाच्या कामाचा हिशेब मांडू नये. एक सहकारी म्हणते, कोर्टात जा. पत्रलेखिकेला भीती अशी की बोललं तर ‘पैशाची हावरी’ असा शिक्का बसेल आणि पुढची नेमणूक कुठल्या तरी कोपऱ्यात होईल. ती विचारते: “हे मी बाई म्हणून झालं, सावळी म्हणून झालं, की माझ्या इंग्रजीच्या उच्चारांमुळे? बोलू की गप्प बसू? आणि ज्यांनी माझी किंमत कमी लावली त्यांच्या हातावर मी प्रभूभोजनाची भाकर कशी ठेवू?”

उत्तर

प्रिय ताई,

सलाम. तुमच्या पत्राच्या मधोमध एक वाक्य आहे: ‘माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिच्यासाठी मी भांडले असते.’ ते लिहून तुम्ही लगेच पुढे गेलात. मी मात्र तिथेच थांबले. दुसरीसाठी भांडणं सेवेत बसतं आणि स्वतःसाठी तोंड उघडलं की तो लोभ होतो, हे आपल्याला कुणी शिकवलं?

माझे वडील पाळक होते. आई रविवारची शाळा घ्यायची, बायकांची प्रार्थनासभा चालवायची, कुणाच्या घरी मयत झाली की वडिलांच्या आधी तिथे पोचायची. मंडळीच्या वहीत तिच्या नावावर कधी एक रुपया पडला नाही आणि तिनंही तो कधी मागितला नाही. वडील निवृत्त झाले तेव्हा मंडळीनं फार प्रेमानं निरोप दिला, आईला साडी नेसवली. ती साडी मला आठवते. वडील गेल्यावरची तिची बारा वर्षंही आठवतात, औषधाच्या चिठ्ठीतली कुठली गोळी या महिन्यात घ्यायची नाही हे ठरवण्यात गेलेली. तेव्हा या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते.

आता अध्यक्षांचं उत्तर. मला ते तुमच्या सगळ्या पत्रातलं सर्वांत उपयोगी वाक्य वाटलं. त्यांनी तुमच्या प्रवचनाला नाव ठेवलं नाही, अनुभव कमी म्हटलं नाही, मंडळी गरीब झाली असंही म्हटलं नाही. ते म्हणाले, त्यांना गरज जास्त होती. ठीक आहे, पगार गरजेवर ठरवायचा असेल तर तोही एक नियम होऊ शकतो. पण मग तो सगळ्यांना लावायला हवा. आधीच्या पाळकांना कुणी विचारलं होतं का, की सासरकडून काही आलंय का, आईवडिलांचं घर विकून पैसे मिळालेत का? तुम्हाला तरी कुणी विचारलं का, की नगरला आईच्या औषधाला दर महिन्याला किती पाठवता? विचारलं नसेलच. ‘गरज’ हा शब्द फक्त तुमच्याच नवऱ्याच्या नोकरीपाशी आठवला, याचा अर्थ तो नियम नव्हता. आकडा आधी ठरला होता, कारण मागाहून शोधलं गेलं. ते कुणी वाईट हेतूनं केलं असेल असं मला वाटत नाही. बाईचा पगार म्हणजे घरात येणारा वरकड पैसा, हा समज इतका जुना आहे की तो बाळगणाऱ्याला दिसतही नाही.

तुम्ही विचारता, बाई म्हणून, रंगामुळे, की उच्चारांमुळे. मला वाटतं या प्रश्नाचं उत्तर शोधत बसलात तर त्यातच अडकाल. तिन्ही गोष्टी एकाच माणसात आहेत आणि समितीनं त्या वेगवेगळ्या तराजूत घातलेल्या नाहीत. त्यापेक्षा हे पाहा की फरक नेमका कधी पडला. पाळक बदलले त्याच उन्हाळ्यात पगार साडेबारा हजारांनी खाली आला. वर्षामागून वर्ष घसरत आलेला नाही. म्हणजे कुणीतरी एका बैठकीत बसून नवा आकडा लिहिला. तो निर्णय होता, आणि निर्णयाबद्दल विचारता येतं. मनातल्या पूर्वग्रहाबद्दल विचारलंत तर समोरचा दुखावतो आणि नाकारतो. ‘या जागेचा पगार त्या वर्षी कमी का केला?’ असं विचारलंत तर त्याला वही उघडावी लागते.

तुमच्या चर्चमध्ये हे कसं घडतं ते तुम्हाला माहीत आहे, तरी इतर वाचकांसाठी सांगते. मेथडिस्टांत पाळकाची नेमणूक बिशप करतात, पण पगार स्थानिक मंडळी ठरवते. स्टाफ-पॅरिश समिती शिफारस करते आणि चार्ज कॉन्फरन्समध्ये, म्हणजे मंडळीच्या अधिकृत सभेत, मतदान होतं. वार्षिक कॉन्फरन्स एक किमान पगार ठरवून देते, त्याखाली कुणाला जाऊ देत नाही. ही तळाची पाटी फार मोलाची आहे. मात्र तिच्या वर काय चालतं त्याला आवर नाही. बाई किंवा बिगरगोरा पाळक येतो, मंडळी म्हणते ‘किमानपेक्षा थोडं वर देतोय की’, आणि सगळं नियमात बसतं. मोठ्या, सधन मंडळ्यांत अशा पाळकांची नेमणूक कमी होते, तो फरक वेगळाच. तुमच्यासारख्यांच्या नेमणुकीला तिथे परवंशीय आणि परसंस्कृतीतली नेमणूक म्हणतात, आणि अशा नेमणुकीसाठी पाळकाची आणि मंडळीची आधी तयारी करून घ्यावी असं चर्चचा नियमग्रंथ सांगतो. तुमच्या मंडळीची ती तयारी झाली होती का? त्यात पगाराचा विषय निघाला होता का? डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंटना, म्हणजे जिल्ह्यातल्या मंडळ्यांवर देखरेख करणाऱ्यांना, हे विचारायला काहीच हरकत नाही.

मागचं थोडं सांगते, कारण तुमच्या पत्रात असा सूर आहे की आपण काहीतरी अपूर्व, अगोचर मागतोय. मेथडिस्ट चर्चमध्ये स्त्रियांना पाळक म्हणून पूर्ण हक्क मिळाले १९५६ मध्ये, मिनीॲपोलिसच्या सर्वसाधारण परिषदेत. त्याआधीही स्त्रियांना मर्यादित दीक्षा मिळत होती, पण कॉन्फरन्सचं सभासदत्व नव्हतं. सभासदत्व नाही म्हणजे नेमणुकीची हमी नाही. बोलावलं तर जायचं, देतील ते घ्यायचं. रंगाची गोष्ट तर याहून कठोर. १९३९ मध्ये मेथडिस्टांचे तीन पंथ एकत्र आले तेव्हा कृष्णवर्णीय मंडळ्यांसाठी ‘सेंट्रल ज्युरिस्डिक्शन’ नावाचा वेगळा विभाग केला गेला. बाकीचे विभाग भूगोलावरून पाडले होते, हा एकटा कातडीच्या रंगावरून. १९६८ पर्यंत तो टिकला. विलीनीकरण झालं तेव्हा उघडच दिसत होतं की त्या विभागातल्या पाळकांचे पगार आणि पेन्शन कितीतरी मागे आहेत. तेव्हा चर्चनं एक तात्पुरता साह्यनिधी उभा केला, आणि सगळ्यांच्या पैशातून ती दरी बुजवायला घेतली.

मला या निधीची गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगायची होती. तुम्ही लिहिता, ‘माझ्या मंडळीत म्हातारी माणसं आहेत, पेन्शनमधून दान देतात, त्यांच्याकडून मी कसं मागू?’ ही काळजी खरी आहे. पण ती दरी एकट्या तुमच्या मंडळीनं एकाच वर्षात भरावी असं कुठे लिहिलंय? तुमच्याच चर्चच्या इतिहासात असमान पगाराला सगळ्या घराचं दुखणं मानून सगळ्यांनी हात लावला आहे. कॉन्फरन्सकडे न्याय्य वेतनाचा आयोग असतो, जिल्हा असतो. मंडळी खरोखर अडचणीत असेल तर हा प्रश्न तिकडे न्यायचा. आणि अडचणीत आहे की नाही, हे आधी पाहायचं. आधीच्या पाळकांच्या शेवटच्या वर्षाचं आणि तुमच्या पहिल्या वर्षाचं अंदाजपत्रक शेजारी ठेवा. ते साडेबारा हजार कुठे गेले ते सापडेल. छपराला गेले असतील, बचतीत पडले असतील, किंवा दानच खरोखर तेवढं घटलं असेल. शेवटचं असेल तर तुमचं बोलणं वेगळ्या शब्दांत होईल, आणि तेही मोकळेपणानं होऊ शकेल.

कोर्टाचा सल्ला देणाऱ्या तुमच्या मैत्रिणीचा राग मला कळतो. पण त्या वाटेवर दार बंद आहे. अमेरिकेत समान वेतनाचा कायदा १९६३ चा, आणि रोजगारात वंश किंवा लिंगावरून भेदभाव करायला मनाई करणारा नागरी हक्क कायदा १९६४ चा. तरी पाळकांना त्यांचा आधार मिळत नाही. १९७२ मध्ये सॅल्व्हेशन आर्मीच्या, म्हणजे आपल्या मुक्तिफौजेच्या, बिली मॅक्क्लुअर नावाच्या एका अधिकारी (म्हणजे तिथल्या पाळक) बाईंचं प्रकरण पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयापुढे आलं. त्यांची तक्रार जवळपास तुमचीच होती: पुरुष अधिकाऱ्यांपेक्षा आपल्याला पगार आणि सवलती कमी मिळतात, आणि तक्रार केली म्हणून काढून टाकलं. न्यायालयानं म्हटलं, चर्च आणि त्याचा पाळक यांच्यातल्या नात्यात आम्ही पडणार नाही. त्या निकालातून जो अपवाद रूढ झाला, त्यावर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये मिशिगनमधल्या एका ल्यूथरन शाळेच्या प्रकरणात एकमतानं शिक्कामोर्तब केलं. धर्मस्वातंत्र्य जपण्यासाठी ते झालं हे मला मान्य आहे, आणि सरकारनं पाळक नेमू नयेत हेही मान्य. पण समान वेतनासाठीचा लढा एक पाळक बाई हरली आणि त्याच निकालानं पुढच्या सगळ्यांची वाट अडली, हे वाचून मला अजूनही वाईट वाटतं.

त्यातून एक गोष्ट घ्यायची. २०१२ च्या निकालात न्यायालयानं करारभंगाच्या दाव्यांबद्दल मत दिलं नाही, तो प्रश्न खुला ठेवला. म्हणून जे ठरलं ते लेखी असायला हवं. घर, भत्ते, पेन्शन, अभ्यासरजा, प्रवासखर्च, सगळं. तोंडी प्रेमानं ठरलेल्या गोष्टी पाळक बदलला की हवेत विरतात.

आता सरळ कामाचं बोलू.

आधी पूर्ण हिशेब मांडा. नुसत्या पगाराचे आकडे शेजारी ठेवलेत तर तीन वर्षांचा फरक ३४,००० डॉलर दिसतो, तोही आधीच्या पाळकांचा पगार तिथेच थांबला असता असं धरून. पण पगाराशेजारी बाकीचं काय होतं? त्यांना गाडीखर्च वेगळा मिळत होता का? पुस्तकांना, शिक्षणाला किती? अमेरिकेत पाळकाला सामाजिक सुरक्षेसाठी स्वयंरोजगार कर, म्हणजे १५.३ टक्के, स्वतःच भरावा लागतो, आणि मंडळीच्या घरात राहत असाल तर त्या घराच्या भाड्याइतक्या किमतीवरही तो लागतो. काही मंडळ्या त्याची भरपाई म्हणून वेगळी रक्कम देतात. त्यांना देत होते का, तुम्हाला देतात का? पेन्शनचा काही भाग पगाराच्या टक्क्यांवर ठरतो, त्यामुळे आजचा फरक पासष्टीनंतरही पाठ सोडत नाही. मंडळीच्या घरात राहणाऱ्याच्या नावावर निवृत्तीला स्वतःचं घर नसतं, हेही लिहा. हे सगळं एका कागदावर बसवा. विशेषणं नकोत, आकडे पुरेत.

उलटंही निघू शकतं, त्याची तयारी ठेवा. त्यांचे ६१,००० हे सहा वर्षं वाढत वाढत आलेले असतील आणि पहिल्या वर्षी ते पन्नासावर सुरू झाले असतील, तर समितीकडे एक उत्तर असेल. तेव्हा त्यांचा पहिल्या वर्षाचा आकडा आधी शोधा. त्या काळची महागाई धरून तो तुमच्या पहिल्या आकड्याच्या आसपास निघाला, तर तुमचा प्रश्न बदलतो: मग दरवर्षीची वाढ त्यांना किती टक्के मिळाली आणि मला किती? पत्रावरून मला वाटत नाही तसं निघेल, पण पाहिल्याशिवाय बैठकीत जाऊ नका.

मग एकच माणूस निवडा. समितीत असा एखादा असतो की जो कमी बोलतो पण बोलला की लोक ऐकतात. मंडळीचे जुने खजिनदार, निवृत्त शिक्षिका, कुणीही. त्यांना बैठकीआधी घरी जाऊन कागद दाखवा. पाळकानं स्वतःच्या पगाराचा विषय स्वतःच मांडायचा आणि त्यावरच्या चर्चेत स्वतःच बसायचं, हे फार अवघड असतं. दुसऱ्या कुणी तो कागद टेबलावर ठेवला की तुम्ही प्रश्नांना उत्तरं द्यायला मोकळ्या राहता.

मागणी नेमकी करा. ‘माझ्यावर अन्याय झाला’ हे वाक्य खरं आहे, पण त्याला समिती ‘नाही झाला’ म्हणून उत्तर देईल आणि तिथेच संपेल. त्यापेक्षा म्हणा: या पदाचा पगार तीन वर्षांत मागच्या पातळीवर यावा, पहिला टप्पा येत्या जानेवारीपासून. आणि पुढे पाळक बदलताना पगार कमी करायचा असेल तर त्याचं कारण लेखी नोंदवावं. मागच्या तीन वर्षांचा फरक भरून मागायचा का, हा तुमचा निर्णय. मी असते तर पेन्शनच्या खात्यात काहीतरी भर मागितली असती. रोख मागण्यापेक्षा ती लोकांना समजायला सोपी जाते आणि तुम्हाला म्हातारपणी उपयोगी पडते.

समितीनं टाळलं तर डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट. खरं तर त्यांना आधीच एक फोन करून ठेवा, म्हणजे त्यांना धक्का बसणार नाही, आणि चार्ज कॉन्फरन्सला अध्यक्षस्थानी तेच असतात. त्यापुढे कॉन्फरन्सचा न्याय्य वेतन आयोग आहे. स्त्रियांच्या स्थानाकडे पाहणारा आणि वंश-धर्म विषयाचा, असे दोन वेगळे आयोगही तुमच्या चर्चनं सर्वसाधारण पातळीवर नेमले आहेत. दोन्हींना एकच पत्र पाठवा. तुमच्यासारखीचं प्रकरण एका टेबलावरून दुसऱ्यावर ढकललं जातं: स्त्रियांचा प्रश्न म्हणावा तर वंशाचा वाटतो, वंशाचा म्हणावा तर स्त्रियांचा. दोघांना एकदम कळलं की ढकलायला जागा राहत नाही.

नेमणुकीच्या भीतीबद्दल खोटा धीर देणार नाही. दीक्षित एल्डरला, म्हणजे पूर्ण दीक्षा मिळालेल्या पाळकाला, नेमणूक मिळते, पण ती कुठे मिळेल हे बिशप आणि त्यांचं मंडळ ठरवतं, आणि माणसं माणसांसारखीच वागतात. धोका आहे. गप्प बसण्यातही धोका आहे, तो हळू येतो: पुढच्या मंडळीत तुमचा पगार ठरवताना ‘आत्ता किती घेताय?’ हाच पहिला प्रश्न असेल, आणि ५१,००० हा आकडा तुमच्याबरोबर सामान बांधून निघेल. दोन्ही धोके तुमच्याच पदरात आहेत, तेव्हा कुठला उचलायचा हे नवऱ्याशी बोलून ठरवा. तुम्ही या वर्षी नाही बोललात, मुलीची शाळा संपेपर्यंत थांबलात, तरी मी तुम्हाला भित्री म्हणणार नाही.

इतर वाचकांसाठी दोन शब्द. आर-१, म्हणजे धर्मसेवकांसाठीच्या, व्हिसावर असलेल्या पाळक भगिनींनो, तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमचा तिथला मुक्काम त्या एका मंडळीच्या अर्जावर टांगलेला असतो. वाद काढण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. मात्र त्या अर्जात मंडळीनं किती मोबदला देणार हे लिहून दिलेलं असतं. त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा, हातात येणारी रक्कम तिच्याशी ताडून पाहा. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत पाळकाच्या अटी दरवर्षी तपासल्या जातात आणि प्रेस्बिटरी, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांची वरची सभा, त्यांना मान्यता देते, तिथे प्रश्न विचारायला जागा आहे. ल्यूथरन सिनॉड, म्हणजे त्यांच्या प्रादेशिक संघटना, पगाराचे मार्गदर्शक तक्ते काढतात. ते बंधनकारक नसले तरी वाटाघाटीला बसताना समोर ठेवता येतात. बॅप्टिस्ट मंडळ्यांत सगळं एकट्या मंडळीच्या हाती, म्हणून तिथे सुरुवातीचंच बोलणं पक्कं हवं. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये पाळकांचं मानधन बहुतेक सारखंच असतं, मंडळी श्रीमंत असो की गरीब. स्त्रियांना तिथे १९९४ पासून प्रीस्ट म्हणून दीक्षा मिळते. तरीही विनामानधन सेवा करणाऱ्या पाळकांत स्त्रियांचं प्रमाण पगारी पाळकांपेक्षा जास्त आहे. म्हणजे तक्ता समान केला तरी तक्त्याबाहेर कुणाला बसवलंय हे बघावंच लागतं. आपल्याकडच्या मंडळ्यांतही नेमणूक नवऱ्याची, पगार एकाचा आणि काम दोघांचं, हे कुणाच्या घरात चाललंय ते वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

आता आई. त्यांच्या वाक्यावर रागावू नका. त्या नगरच्या मंडळीत वाढल्या आहेत. मिशनरीचा बंगला आणि देशी पाळकाची दोन खोल्यांची जागा यांतलं अंतर त्यांनी नाही तरी त्यांच्या आईवडिलांनी पाहिलं असणार. एकाच प्रभूची सेवा, एकाच गावात, आणि पगाराचे दोन हिशेब, एक गोऱ्यांसाठी, एक आपल्यासाठी. १९१० मध्ये एडिंबराच्या जागतिक मिशनरी परिषदेत भारतीय पाळक व्ही. एस. अझरायांनी उभं राहून मिशनरींना सांगितलं होतं की तुम्ही गरिबांना अन्न घातलंत, देह झिजवलात, आता आम्हाला मित्र द्या. उपकार करणारा आणि बरोबरीनं बसणारा, यांतला फरक त्यांना म्हणायचा होता. तुमचा प्रश्न त्याच घराण्यातला आहे. आईला तो परका वाटू नये.

आणि त्या शास्त्रातून बोलत असतील तर शास्त्रातूनच बोला. पौलानं करिंथकरांकडून पैसा घेतला नाही, हे त्या नक्की काढतील. पहिल्या पत्राचा नववा अध्याय त्यांच्याबरोबर फोनवरच वाचा. पौल आधी कितीतरी वचनं खर्चून सांगतो की मला हक्क आहे. मळणीच्या बैलाला मुसकं घालू नका हा नियम आठवण करून देतो. हक्क पुरता सिद्ध केल्यावर मग म्हणतो, पण मी तो वापरला नाही. सोडणारा तो स्वतः होता. करिंथच्या मंडळीनं परस्पर ठरवलं नव्हतं की याला कमी दिलं तरी चालेल, हा तंबू शिवतो ना! तुमच्या समितीनं नेमकं तेच केलं: तुमचा त्याग तुम्हाला न विचारता तुमच्या वतीनं करून टाकला.

गणनेच्या सत्ताविसाव्या अध्यायातल्या सलाफहादच्या पाच मुलीही आईला आठवतील. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बापाला मुलगा नाही म्हणून आमचा वाटा का बुडावा, असं त्यांनी मोशेपुढे, याजकापुढे, सगळ्या सरदारांपुढे दर्शनमंडपाच्या दाराशी उभं राहून विचारलं. त्यांनी स्वतःसाठीच विचारलं होतं. मोशेला उत्तर सुचलं नाही, तो परमेश्वराकडे गेला, आणि उत्तर आलं की या मुली बोलतात ते बरोबर आहे. नियम नंतर सगळ्यांसाठी झाला, पण आधी त्या पाच जणींनी ‘आम्हाला’ हा शब्द उच्चारला होता. तुम्ही ‘माझ्यामागून येणारीसाठी’ हे कारण पुढे करू पाहता आहात, असं मला पत्रात जाणवलं. तिला फायदा झाला तर आनंदच आहे. पण समितीपुढे तिच्या पदराआड उभ्या राहू नका. काम तुम्ही केलंय, तीन हिवाळे त्या बर्फातून लोकांच्या घरी तुम्ही गेला आहात. ‘मला’ म्हणा.

राहिला भाकरीचा प्रश्न. त्यावर मी बराच वेळ थांबले. मी पाळक नाही, पाळकाची मुलगी आहे, तेव्हा जपून लिहिते. तुम्ही लिहिता की मागच्या महिन्यात भाकर मोडताना अध्यक्षांसमोर आलात आणि तुमचा हात अडखळला. मला वाटतं ते अडखळणं खरं होतं, ते दडपू नका. तुम्हाला त्यांच्याविरुद्ध काही आहे आणि त्यांना ते ठाऊकच नाही. सहज विचारलेल्या एका प्रश्नाला त्यांनी सहज उत्तर दिलं आणि विसरूनही गेले असतील. वेदीपाशी तो सल न बोलता साचत राहिला तर दर महिन्याला हात अडखळेल. म्हणून मी म्हणते, समितीच्या बैठकीआधी एकदा त्यांच्याशी एकटीनं बोला. आकडे नकोत, तो कागद बैठकीसाठी ठेवा. एवढंच सांगा की तुम्ही माझ्या मिस्टरांबद्दल बोललात ते मला लागलं, आणि पगाराचा विषय मी समितीपुढे आणणार आहे, तो तुम्हाला माझ्याच तोंडून आधी कळावा. ते चिडतील, किंवा गप्प होतील, किंवा त्यांनाही नवल वाटेल की आपण असं बोललो. काहीही झालं तरी पुढच्या वेळी हात पुढे करताना तुमच्या दोघांमध्ये लपलेलं काही नसेल.

तुमची चार्ज कॉन्फरन्स शरदात होते, म्हणजे समितीची शिफारस त्याआधी, सप्टेंबरात कधीतरी लिहिली जाईल. अंदाजपत्रकाच्या प्रती जुलैतच मागून घ्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अध्यक्षांना भेटायला जा, शक्यतो त्यांच्या घरी, संध्याकाळी, आणि जाण्याआधी आईला एक फोन करा.